रोममध्ये उतरायचं कुठे? आमच्या आठ रात्रींचा हिशेब

रोममध्ये राहायचं तर त्रास्तेवेरे या जुन्या भागातच, हे मी विमानाची तिकिटं काढायच्या आधीच ठरवून बसले होते. वेलींनी झाकलेल्या गेरूच्या रंगाच्या भिंती, दोरीवर वाळणारे कपडे, गल्लीत मांडलेली टेबलं. फोटो बघून बघून त्या गल्ल्या आपल्याच वाटायला लागल्या होत्या. आम्ही चौघं होतो: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई. आईचं डोकं तल्लख आहे, गुडघे मात्र तिचं ऐकत नाहीत. ३० मे ते ७ जून, एकूण आठ रात्री. पहिल्या तीन त्रास्तेवेरेत काढल्या आणि चौथ्या दिवशी सामान उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. चुकलो कुठे ते सविस्तर सांगते, कारण चूक त्रास्तेवेरेची नव्हती. माझी होती.

सुरुवात छान झाली. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनला थेट जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस माणशी १४ युरो घेते. तिच्याऐवजी एफएल-१ ही साधी लोकल पकडली, तर ८ युरोत अर्ध्या तासात त्रास्तेवेरे स्टेशन. आनंद तिथेच संपला, कारण स्टेशनचं नाव त्रास्तेवेरे असलं तरी फोटोतलं त्रास्तेवेरे तिथून चांगलं दीडेक किलोमीटर पुढे आहे. बुकिंगच्या साइटवर ‘त्रास्तेवेरे’ म्हणून स्वस्तात दिसणारी बरीचशी घरं या स्टेशनच्या आसपासची असतात. वाईट नाहीत, पण तुम्ही ज्यासाठी पैसे मोजताय ते हे नव्हे. नकाशावर सांता मारिया इन त्रास्तेवेरे हा चौक शोधा आणि तिथून अंतर मोजा.

आमची खोली त्या चौकाजवळच होती. स्टेशनवरून आठ नंबरची ट्राम घेतली आणि उतरून शेवटचा टप्पा चालत. रोमच्या जुन्या भागात रस्त्यांना सानपिएत्रिनी नावाचे काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात. दिसायला देखणे, बॅगेच्या चाकांचे वैरी. आमच्या एका बॅगेचं चाक पहिल्याच संध्याकाळी गेलं. आई म्हणाली, “पाय मोडण्यापेक्षा चाक मोडलेलं बरं.” तिला त्या दगडांवरून प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागत होतं.

रात्री दुसरा प्रश्न. त्रास्तेवेरेत रोमची तरुण मंडळी जेवायला आणि गप्पांना येतात, आणि शनिवार-रविवारी तर दोन वाजेपर्यंत हलत नाहीत. खिडकी उघडावी तर गल्लीतला हास्यविनोद थेट उशाशी, लावावी तर उकाडा. मी पंचविशीत इथे आले असते तर त्याच गल्लीत बसले असते.

पण खरी गोम निघाली दुपारी. रोममध्ये मे अखेरपासून दुपारचं ऊन बाधायला लागतं. बरीच चर्चेस साधारण साडेबारा ते तीन-साडेतीन बंद असतात. बऱ्याच चांगल्या खानावळी रात्रीच्या जेवणासाठी साडेसातच्या आधी दार उघडत नाहीत. म्हणजे सकाळी सातला निघून बारापर्यंत फिरा, खोलीवर या, पाठ टेका, पाचला पुन्हा बाहेर पडा, हीच इथली रीत. म्हाताऱ्या माणसांना किंवा लहान मुलांना घेऊन आलात तर दुसरा इलाजच नाही. त्रास्तेवेरेत मेट्रो नाही. व्हॅटिकन बघून परत यायला आम्ही नदीकाठी बसची पाऊण तास वाट पाहिली, भर एक वाजता, आणि आई फुटपाथच्या कठड्यावर बसली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, तुम्ही जा, मी खोलीतच बसते. रोमला येऊन खोलीत! त्या रात्री मी फोनवर नवी जागा शोधायला घेतली. या वेळी प्रश्न एकच होता: दुपारी इथे सहज परत येता येईल का?

उत्तर मिळालं एस्क्विलिनोत, मान्झोनी मेट्रो स्टेशनच्या जवळ. तेर्मिनी आणि सान जोवान्नी यांच्या मधला हा भाग. कलोसियम इथून चालत पंधरा-वीस मिनिटं. मेट्रोच्या ए लाइनवर मान्झोनीपासून व्हॅटिकनजवळचं ओत्ताव्हियानो आठवं स्टेशन, गाडी बदलायची नाही. ट्रेव्ही कारंज्यासाठी बार्बेरिनी आणि स्पॅनिश पायऱ्यांसाठी स्पान्या, दोन्ही याच लाइनवर. तिकीट दीड युरोचं, शंभर मिनिटं चालतं. मेट्रोच्या दारावर बँकेचं कार्ड टेकवलं तरी चालतं. एकच सांगते, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. ए लाइनवर गर्दीत हात मारणारे पट्टीचे आहेत.

सामान हलवण्याचा मुहूर्त मात्र मी असा काढला की विचारू नका. २ जून. इटलीचा प्रजासत्ताक दिन. त्या सकाळी कलोसियमपासून पियाझा व्हेनेत्सिया या चौकापर्यंतच्या रुंद रस्त्यावर लष्करी संचलन असतं, आसपासचे रस्ते बंद, बस वळवलेल्या, आणि आम्ही चार माणसं पाच बॅगा घेऊन शहराच्या त्याच मधल्या भागातून पलीकडे निघालेलो. शेवटी टॅक्सीच्या थांब्यावरून पांढरी टॅक्सी घेतली, लांबचा फेरा पडला, मीटर पळत राहिला. तेवढ्यात डोक्यावरून विमानांचा ताफा हिरवा-पांढरा-लाल धूर सोडत गेला. लेक खिडकीबाहेर लटकली होती. तिला विचाराल तर अख्ख्या सहलीतला सर्वोत्तम क्षण तोच. तुमच्या तारखांत २ जून येत असेल तर त्या दिवशी जागा बदलू नका, आणि त्या आठवड्याचे भावही आधी बघून घ्या.

एस्क्विलिनोबद्दल इंटरनेटवर घाबरवणारं खूप लिहिलंय. तेर्मिनीला लागून असलेल्या गल्ल्या, विशेषतः वाया जोलित्ती या रस्त्याची बाजू, रात्री ओसाड आणि कळकट वाटतात हे खरं. पण पियाझा व्हित्तोरिओ ओलांडून वाया मेरुलानाच्या बाजूला आलात की साधी कुटुंबं राहतात, आजोबा कुत्री फिरवतात. आणि आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे तिथली मंडई, नुओव्हो मेर्कातो एस्क्विलिनो. भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, डाळी. विकणारे बरेचसे बांगलादेशी, त्यामुळे मोडक्यातोडक्या हिंदीवर काम भागतं. आईने तिथे एका दुकानदाराशी भेंडी कोवळी आहे की नाही यावर दहा मिनिटं घासाघीस केली आणि परत येताना गुडघ्यांचं नावही काढलं नाही. सकाळी जा, रविवारी बंद.

आमचं घर चौथ्या मजल्यावर होतं, ‘लिफ्ट आहे’ असं लिहिलेलं. होती. पण रस्त्यावरून आत शिरल्यावर नऊ पायऱ्या चढून गेलं की मग लिफ्ट. दादरच्या जुन्या इमारतींत असते तशी, दोन लाकडी दारं हाताने लावायची, आणि वरच्या कुणी दार नीट लावलं नाही तर ती वरच अडकते. एकदा आईला नऊ पायऱ्या चढून वर गेल्यावर लिफ्टसाठी पंधरा मिनिटं थांबावं लागलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या कृपेने. तेव्हा घरमालकाला आधीच विचारा: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या? ‘लिफ्ट आहे का’ एवढं विचारलंत तर उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

आता पैशाचं. आम्ही शोधत होतो तेव्हा चौघांसाठी रात्रीचे जे भाव दिसले ते असे, युरोला शंभर रुपये धरून घरी हिशेब करा. पॅन्थिऑन आणि नव्होना चौकाच्या भोवती तीनशेच्या खाली धड काही नव्हतं. त्रास्तेवेरेत आम्ही २३० दिले. एस्क्विलिनोतलं स्वयंपाकघरासकट घर १६५. याहून स्वस्तात जायचं तर पिन्येतो किंवा रे दी रोमाच्या बाजूला बघा. पिन्येतो संध्याकाळी मजेदार असतं, पण तिथे मेट्रो सी लाइनची, म्हणजे बहुतेक ठिकाणी जायला गाडी बदलणं आलं. दुपारी परतण्याचा उत्साह राहत नाही.

पैसे थोडे जास्त असते तर मी प्रातीत राहिले असते. व्हॅटिकनशेजारचा हा भाग १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात सामील झाल्यानंतर आखून बांधलेला, म्हणून रस्ते सरळ, सपाट, फुटपाथ रुंद. ओत्ताव्हियानो आणि लेपांतो ही ए लाइनचीच स्टेशनं. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणसं आहेत आणि रात्रीचे दोनशे-अडीचशे युरो परवडतात, त्यांनी पुढचं काही वाचूच नये, प्राती घ्यावं. तरुण जोडप्यांना मोंती आवडेल, कलोसियमच्या पाठीशी, पण चढउताराच्या गल्ल्या. तेस्ताच्चो खाण्यासाठी नामी, मात्र तिथल्या पारंपरिक जेवणात कत्तलखान्यातल्या आतड्या-काळजाचाच मान मोठा. शाकाहारी माणसाने तिथल्या मंडईत जाऊन भाज्या घ्याव्यात आणि परत यावं.

भावात न दिसणारा खर्च म्हणजे मुक्कामाचा कर, जो बहुतेकदा तिथे पोचल्यावर वेगळा द्यावा लागतो. तीन तारांकित हॉटेलला माणशी रात्रीचे ६ युरो, चार तारांकितला साडेसात. दहा वर्षांपर्यंतची मुलं सुटतात; आमची अकराची, त्यामुळे चौघांचे रोजचे २४. घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत सीआयएन हा नोंदणी क्रमांक आहे ना बघा. २०२५ पासून तो बंधनकारक आहे. पासपोर्ट मागितले तर दचकू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं मालकाला भागच असतं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचे पुरावे लागतात, म्हणून आधी फुकट रद्द होणारं बुकिंग करा, व्हिसा आला की हवं तर बदला.

किटली बरोबर न्या. इटालियन खोल्यांत ती गृहीत धरू नका. आपल्या जाड गोल पिनांचे प्लग तिथल्या भोकांत बसत नाहीत, अडॅप्टर लागतो. संडासाशेजारी धुण्याचा हातफवारा नसतो, पण बिदे, म्हणजे बसून धुण्याचं बेसिन, असतं, कारण १९७५ च्या सरकारी नियमानुसार प्रत्येक घरात ते निदान एक तरी असलंच पाहिजे. आईने इटलीला पूर्ण गुण दिले ते या एका गोष्टीसाठी.

परतीला फ्युमिचिनोला टॅक्सीच केली. जुन्या तटबंदीच्या आतून विमानतळापर्यंतचं भाडं ठरलेलं आहे, ५५ युरो, गाडीचे, माणशी नव्हेत. लिओनार्दो एक्सप्रेसची चार मोठ्यांची तिकिटं ५६ होतात, शिवाय तेर्मिनीपर्यंत बॅगा ओढा. बसण्याआधी ‘ठरलेलं भाडं ना?’ एवढं विचारून घ्या. आमचा चालक पहाटे पाचला दारात हजर होता. चौथ्या मजल्यावरून सामान खाली आणायचं होतं, आणि लिफ्ट वर अडकलेली होती.