आमची वाटचाल : जमिनीखालचं काम

आमच्या पाटीवर पहिल्या दिवसापासून ‘ड्रेनेज लाइनची कामे’ एवढंच लिहिलेलं आहे. नळ, टाक्या, गीझर यांची कामं आम्ही कधीच घेतली नाहीत. घराबाहेरच्या पहिल्या चेंबरपासून सार्वजनिक मुख्य लाइनीपर्यंत मैलापाणी विनातक्रार पोचवायचं, हा एकच धंदा केला आणि तो मान वर करून केला. तरी ‘काम चांगलं, पण महाग’ हा शिक्का आमच्यावर बसलाच. तो कसा बसला, हे एकदा लिहून ठेवायचं होतं.

फर्म सुरू केली ती मी आणि मिस्त्रींनी. भांडवल माझं, हात त्यांचा. मिस्त्री माझ्याहून वयानं बरेच मोठे, चिनीमातीच्या पाइपांच्या काळात तयार झालेले. सुतळी सिमेंटच्या रबडीत भिजवून सॉकेटमध्ये, म्हणजे पाइपाच्या रुंद तोंडात, ठासायची, वर सिमेंट-वाळूचा एकास एक माल भरायचा आणि तोंडाशी करणीनं ४५ अंशांचा उतार द्यायचा, असा तो सांधा. त्यांच्या हातचा सांधा बघत राहावा असा असे. पण त्या सांध्याचं दुखणंही त्यांनीच मला शिकवलं. तो ताठ असतो. खालची माती जरा बसली की सांध्याला केसाएवढी चीर पडते, तिथून ओल बाहेर झिरपते आणि ओलीच्या वासानं झाडाची मुळं आत शिरतात. आज ज्या जुन्या लाइनी बदलाव्या लागतात, त्यांतल्या कितीतरी अशाच गेलेल्या असतात. पाइप शाबूत असतो, सांधे गेलेले असतात.

मिस्त्रींची हत्यारं मोजकी. ओळंबा, दोरी, पाणपातळीची पारदर्शक नळी आणि एक सागवानी पट्टी. ती पट्टी मी अजून वापरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लांबी बरोबर १२० सेंटिमीटर. एका टोकाला खालून ३ सेंटिमीटरचा ठोकळा बसवायचा, ते टोक उताराकडे ठेवून पट्टी पाइपावर टेकवायची आणि वर स्पिरिट लेव्हल धरायची. बुडबुडा मधोमध आला की ढाळ चाळीसास एक, म्हणजे चाळीस सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार. चार इंची लाइनीला आम्ही तेवढाच देतो. सहा इंचीला साठास एक पुरतो, म्हणून तिच्यासाठी २ सेंटिमीटरचा दुसरा ठोकळा. आता लेझर लेव्हल आहे, चेंबरच्या इनव्हर्ट, म्हणजे आतल्या तळाच्या पातळ्या, आम्ही तिच्यावरच काढतो. पण चरात उतरलेल्या माणसाला प्रत्येक पाइपागणिक ढाळ ताडून पाहायला या पट्टीइतकं सोपं साधन मला अजून मिळालेलं नाही. नवीन पोरांना माझं सांगणं आहे, ही पट्टी स्वतःच्या हातानं करा. विकत घेऊ नका.

काम कुठूनही सुरू करायचं नसतं. आधी मुख्य लाइनीच्या जोडणीची खोली मोजायची, तिथून वर घरापर्यंत ढाळ बसतो का ते पाहायचं, मगच पहिली कुदळ मारायची. पाइप खालच्या टोकाकडून वर जोडत यायचे आणि सॉकेटचं तोंड चढाकडे ठेवायचं. काटकोनी बेंड जमिनीखाली नाही. ४५ अंशांचे दोन घ्या, मध्ये हातभर सरळ तुकडा टाका. बाजूची लाइन मिळवायची असेल तर काटकोनात मिळणारा टी नाही, तिरका मिळणारा वाय. आणि पाइपाखाली वाळूची किंवा बारीक खडीची बैठक. पाइप दगडावर टेकला की वरून भार येतो तेव्हा नेमका तिथेच तडकतो. दोन्ही कुशी हातानं ठासून भरायच्या, मग थराथरानं माती टाकून धुम्मस करायची. हे सगळं काम पुढे मातीखाली जातं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. भाव पाडणारा माणूस कात्री लावतो ती नेमकी इथे.

आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई शाळेतून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांच्या मागच्या अंगणातली लाइन मुळांनी गच्च भरली होती. चर पाचेक फूट खोल गेला तेव्हा बाजूला फळ्यांचा आधार दिल्याशिवाय मिस्त्री कुणाला खाली उतरू देईनात. शेजारीपाजारी म्हणाले, एवढ्याशा कामाला कशाला हा थाट. बाई म्हणाल्या, “मिस्त्री सांगतील तसंच होईल. दोन दिवस जास्त लागले तरी चालतील.” रोज त्या वहीत मापं उतरवून घेत. शेवटी आम्ही आरशाची चाचणी केली. एका चेंबरमध्ये दिवा, दुसऱ्यात तिरका धरलेला आरसा. लाइन सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल उजेड दिसतो. कुठे पाइप बसला असेल तर तो गोल एका बाजूनं कापलेला दिसतो. बाई पदर खोचून ओणव्या झाल्या, चष्मा सावरून आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, पुनवेचा चंद्र आहे हा!” मग पाइपाच्या व्यासापेक्षा जेमतेम अर्ध्या इंचानं लहान असा गोळा वरून सोडला, तो कुठेही न अडता खाली आला. त्या दिवसापासून बाईंनी त्यांच्या ओळखीतलं एकही काम दुसऱ्याकडे जाऊ दिलं नाही.

आता ‘महाग’चा शिक्का बसला, त्या प्रकरणाकडे येतो.

धंदा बरा चालला होता, म्हणून कर्ज काढून आम्ही कॅमेरा घेतला. लवचीक दांड्याच्या टोकाला कॅमेरा आणि त्याच्या डोक्यात बारीक ट्रान्समीटर. आमचा ५१२ हर्ट्झवर चालतो. वर जमिनीवर रिसीव्हर फिरवला की कॅमेरा नेमका कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. त्याआधी लाइन कुठे फुटलीय हे शोधायला अर्धं अंगण खणावं लागे. कॅमेऱ्यानं ते बंद झालं.

त्याच सुमारास बैठ्या घरांच्या एका वसाहतीनं बोलावलं. सामाईक लाइन जुनी, वरचेवर चोकअप. आम्ही आधी जेटिंग करून, म्हणजे जोराच्या दाबाचं पाणी मारून, लाइन धुतली, मग कॅमेरा घातला. कारण मैल्यात कॅमेरा घालून काहीच दिसत नसतं. कुठे मुळं, कुठे सांधा सरकलेला, कुठे लाइनीला पोट पडलेलं, म्हणजे पाइप मध्येच खाली बसलेला, सगळं फरशीवर रंगानं आखून दिलं. मिस्त्रींनी रात्री बसून नकाशा काढला. पोट पडलेला तुकडा उघडा खणून बदलायचा आणि बाकीच्या लाइनीत आतून लायनर, म्हणजे न खणता घालायचं अस्तर, टाकायचा, असा प्रस्ताव दिला.

वसाहतीच्या कमिटीनं आमचं चित्रण आणि मिस्त्रींचा नकाशा उचलून दुसऱ्या एका कंत्राटदाराच्या हातात दिला. त्यानं आमच्या निम्म्यानं कोटेशन दिलं. ‘एकही फरशी न फोडता सगळी लाइन नवी.’ काम त्याला गेलं. आमच्या सर्व्हेचं बिल मागायला गेलो तर उत्तर मिळालं, काम तुम्हाला दिलंच नाही तर पैसे कसले? एवढ्यावर तो कंत्राटदार थांबला नाही. बिल फुगवायला ही मंडळी खोदकाम दाखवतात, असं त्यानं चारचौघांत पसरवलं, आणि आमचे तयार झालेले दोन गडीही फोडून नेले. ‘महाग’ हा शब्द आमच्या नावाला चिकटला तो तिथून.

लायनरचं तंत्र खोटं नाही, हे मी स्पष्ट सांगतो. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वूड यांनी ते पहिल्यांदा वापरलं आणि आज ते जगभर चालतं. रेझिनमध्ये भिजवलेली नमद्याची नळी हवेच्या किंवा पाण्याच्या दाबानं जुन्या पाइपात उलटवत न्यायची आणि गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाशानं ती कडक करायची. चिरा बुजतात, मुळांची वाट बंद होते, व्यास थोडासाच कमी होतो. पण ती नळी जुन्या पाइपाचाच आकार घेते. पाइपाला पोट असेल तर लायनरलाही पोट येणार आणि तिथे मैला साचणारच. जुनी लाइन पार कोलमडली असेल तर लायनर घालताच येत नाही. तिथे दोन टोकांना खड्डे घेऊन जुना पाइप आतून फोडत नवीन एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप ओढून घेता येतो, पण ढाळ बिघडलेला असेल तर त्यानंही तो सरळ होत नाही. ढाळ दुरुस्त करायला चरच घ्यावा लागतो. हे सगळं आम्ही त्या कमिटीला समोर बसवून समजावलं होतं.

आमच्याकडे कामं येईनाशी झाली. कर्जाचे हप्ते चालू, कॅमेरा पेटीत. जेटिंगचा पंप विकावा लागला. मिस्त्रींनी त्या काळात स्वतःची मजुरी उचलली नाही आणि त्याबद्दल कधी शब्दही काढला नाही. फर्म बंद करायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात बाईंनी निरोप पाठवला. त्यांच्या बहिणीच्या घराची पूर्ण लाइन बदलायची होती आणि सामानाची रक्कम त्यांनी आगाऊ हातात ठेवली. त्या एका कामानं हप्ते सावरले, त्या रस्त्यावरची आणखी घरं मिळाली.

वसाहतीतली लाइन पुन्हा तुंबली, तीही आम्ही रंगानं आखलेल्या त्याच जागी. खणलं तेव्हा पोटात लायनरसकट पाणी उभं होतं, आणि एका घराची जोडणी लायनरखाली झाकली गेलेली, तिथे लायनर कापून तोंड मोकळं करायचंच राहून गेलेलं. ते काम शेवटी आम्हीच केलं. त्या पैशात खोदकाम आधीच झालं असतं. पुढची वर्षं भरपूर कामात गेली.

‘लाइन बदलायला किती लागतील?’ असं फोनवर विचारणाऱ्यांसाठी थोडं लिहितो. पाइप हा एकूण खर्चातला लहान भाग. पैसा जातो खोलीत. खोली दुप्पट झाली की चर रुंद घ्यावा लागतो, आधार द्यावा लागतो, माती दोन टप्प्यांत वर काढावी लागते, म्हणून खर्च दुपटीवर थांबत नाही. खाली पाणी लागलं तर उपशाचा पंप वेगळा. खडक लागला तर ब्रेकर. रस्ता कापायचा असेल तर परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा भार. उरलेली माती वाहून नेणं. आणि वरची फरशी, काँक्रीट, बाग परत जशीच्या तशी करणं, जे कोटेशनमध्ये बरेच जण लिहीतच नाहीत आणि मग वेगळं मागतात. म्हणून दोन कोटेशनं समोर ठेवाल तेव्हा आकड्याआधी बैठक, भराई, चाचणी आणि पूर्ववत करणं हे चार शब्द शोधा. कॅमेऱ्याचं चित्रण स्वतःकडे मागून घ्या, कामाआधीचं आणि नंतरचंही. चर बुजवण्याआधी पाणी भरून सांधे बघा. बुजवल्यावर कुणी काही दाखवू शकत नाही.

आणि चोकअप झालं म्हणून कुणालाही चेंबरमध्ये उतरवू नका. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. वाढला की नाकाला वास कळणंच बंद होतं आणि माणूस जागेवर पडतो. आमच्या फर्ममध्ये यंत्रानं होईल तेच काम घेतलं जातं, कितीही घाई असली तरी.

आता सर्व्हेचे पैसे आम्ही आधी घेतो. चित्रण आणि नकाशा मात्र घरमालकाला पुरा देतो, मग त्यानं काम कुणाकडूनही करून घ्यावं. त्या वसाहतीचं सर्व्हेचं बिल मी वहीतून खोडलेलं नाही. दरवर्षी मार्च महिन्यात स्मरणपत्र जातं, सोबत मिस्त्रींच्या नकाशाची प्रत जोडून.