पारा भरलेली तलवार

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, चहाच्या गाड्यावर पुस्तकाचा विषय निघत नाही. निघतो कास्टिंगचा, रिजेक्शनचा, लाईट गेल्याचा, हंगामात आनंदवाडीच्या कुस्त्यांचा. तिथं जीन वुल्फ या लेखकाचं नाव काढायचं तर मी वेफर्सच्या वाटेनं जातो. उंच गोल डब्यात एकावर एक बसलेले ते खोगिराच्या आकाराचे प्रिंगल्स. बेळगाव तालुक्यात एवढा बटाटा पिकतो, पण इतके एकसारखे वेफर्स कुठल्याच बटाट्याचे निघायचे नाहीत, कारण ते काप नसतातच. सुक्या बटाट्याचं पीठ भिजवून, साच्यात दाबून तळलेला प्रकार तो. ते तळणारं मशीन तयार करण्याचं काम प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या एका मेकॅनिकल इंजिनिअरकडं आलं. तोच वुल्फ. मूळ कल्पना दुसऱ्याची, मशीन तेवढं माझं, असं तो स्वतःच सांगे. आमच्या धंद्यात हे दुर्मीळ.

पुढं तो 'प्लँट इंजिनिअरिंग' मासिकात संपादक झाला आणि नोकरी सांभाळून लिहीत राहिला. पूर्णवेळ लेखक झाला १९८४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. तोवर 'द बुक ऑफ द न्यू सन' या कादंबरीचे चारही भाग, १९८० ते १९८३, येऊन गेले होते. पहिल्या भागाला वर्ल्ड फँटसी पुरस्कार, दुसऱ्याला नेब्युला. काळ इतका पुढचा, की सूर्य विझत चाललाय. नायक सेव्हेरियन यातना देणाऱ्यांच्या संघातला उमेदवार. एका कैदिणीवर दया केली म्हणून त्याला हाकलतात आणि हातात देतात एक तलवार, 'टर्मिनस एस्ट'.

आता खरी गंमत. शिरच्छेदाच्या त्या तलवारीच्या पात्यात पोकळ नळी आहे आणि नळीत पारा. तलवार उचलली की पारा मुठीकडं येतो, हाताला हलकी लागते. खाली आणली की तो टोकाकडं धावतो आणि घाव जड बसतो. किती तलवारी आल्या नि गेल्या कथा-कादंबऱ्यांत, कुणाच्या हातात देवी, कुणाच्या हातात शाप. वजन कुठून कुठं सरकतं याचा हिशोब मांडणारा हाच. हायड्रॉलिक्सच्या शॉपमध्ये जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काय वाचायला द्यावं! आमच्या फिटर मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पारा गळंल की वो. सील कुठलं घातलंय?" तिसऱ्या भागात तलवार फुटते हे ऐकल्यावर त्यांना समाधान वाटलं.

बाकी पुस्तक अवघड. वुल्फ काही समजावून सांगत नाही. संघाचा मनोरा म्हणजे जमिनीत रुतलेलं जुनं अंतराळयान आहे, हे आपलं आपण ओळखायचं. एक म्हातारा चित्र पुसत बसलेला असतो: ओसाड रानात चिलखत घातलेला माणूस, सोनेरी काच असलेलं शिरस्त्राण, हातात ताठ झेंडा. चंद्रावरचा माणूस! पण सेव्हेरियनला कसं कळणार, त्याच्या आकाशातला चंद्र तर हिरवा, झाडांनी भरलेला. तिथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

आणि सेव्हेरियन सांगतो, आपण काहीच विसरत नाही. मग कुठंतरी गोष्ट जुळत नाही. लिहितोय तोच, तेही सत्तेवर बसल्यावर. लॉगबुकात सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच ओळीत दिसल्या की आमचे सुपरवायझर कशाला भुवया वर करतात, ते इथं आठवतं. मात्र बायकांची पात्रं वुल्फला जमलेली नाहीत असं मला वाटतं. सेव्हेरियनच्या नजरेची मर्यादा म्हणून किती दिवस सोडून द्यायचं?

१९८७ मध्ये पाचवा भाग आला, 'द अर्थ ऑफ द न्यू सन'. त्यात बऱ्याच गाठी सोडवल्यात. काहींना तोच आवडतो. मला नाही आवडला.