तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्डात ह्युमॅनिस्टिक नर्सिंगची थिअरी चालते का?

ही थिअरी पॅटरसन आणि झ्डेराड या दोन अमेरिकन नर्सची. पोस्टिंगला आलेल्या नर्सिंगच्या मुली विचारतात, बरोबरीच्या सिस्टर विचारतात: "केस स्टडीत पॅटरसन आणि झ्डेराड ठीक आहेत हो, पण कॉट संपून खाली गाद्या टाकायची वेळ आलेली असताना?"

आधी एक सांगते. मी कुणाच्या उशाशी तासभर बसत नाही. १९७६ मध्ये ती मांडताना त्या दोघींनीही तसं सांगितलं नव्हतं. पेशंट हाक मारतो, आपण ओ देतो, ह्यालाच त्या नर्सिंग म्हणतात. हाक तोंडानंच येते असं नाही.

एका नाइटला सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, एक आजोबा ऑक्सिजनचा मास्क सारखा काढत होते. ओव्हर, म्हणजे आधीच्या ड्यूटीकडून पेशंटची माहिती, घेताना सांगितलं गेलं, "नॉन-कोऑपरेटिव्ह आहेत, हात बांधलेत." रोलर बँडेजनं दोन्ही मनगटं कॉटला. मी जवळ गेले तर त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, कॉटखाली होती. तिथं घरून आणलेला, राख घातलेला पत्र्याचा डबा होता.

"कफ आलाय का, आजोबा?"

मान हलली. हात सोडले, बसतं केलं, पुढं टेकायला उशी दिली, डबा हातात दिला. तरी थांबलेच. बाईमाणसासमोर थुंकायचं कसं! मी तोंड फिरवून उभी राहिले. नंतर मास्क त्यांनी स्वतःच ओढून घेतला. पहाटेपर्यंत तो निघाला तो डब्यासाठीच.

छातीत कफ साठतो हे शास्त्र सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांना लाज वाटते हे कुणी बघितलं नव्हतं. माणूस कळणं आणि आजार कळणं, दोन्ही एकत्र धरा, एवढंच ती थिअरी मागते. आता ओव्हर देताना मी "नॉन-कोऑपरेटिव्ह" म्हणत नाही. "कफ आला की मास्क काढतात, डबा हाताशी ठेवा," असं सांगते.

बी.एस्सी. करताना मीच म्हणायचे, ही भरपूर स्टाफ असलेल्यांची चैन आहे. तेव्हाच्या त्या मुलीला आज सांगेन, बघायला वेळ लागत नाही. ती म्हणेल, बघितल्यावर करावं लागतं, त्याला लागतो. तिचं खोटं नाही. आजोबांपाशी होते तेव्हा पलीकडच्या तरुणाचं अँटिबायोटिक उशिरा गेलं. त्याची आई दोनदा येऊन उभी राहिली. "सिस्टर, आमच्याकडे कधी येणार?"

तीही हाकच होती. आम्हाला माणुसकीचं ट्रेनिंग नको, रात्री अजून एक सिस्टर द्या, हे मी मीटिंगमध्ये सांगत आलेय. ती मिळेपर्यंत आधी कुणाला ओ द्यायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.