पिशवीतली लग्नपत्रिका

सोमवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो. त्या दिवशी निम्मे पेशंट बाजाराच्या पिशव्या घेऊनच दवाखान्यात शिरतात आणि वेटिंगमध्ये मेथी, सुकट आणि फिनेल यांचा मिळून एक वास सुटतो. गेल्या जूनमधल्या अशाच एका सोमवारी तात्या आले, नाकावर टॉवेल दाबून. टॉवेल लाल झालेला. मागून काकू, हातात पिशवी. (तात्या हे त्यांचं खरं नाव नव्हे. गावही सांगत नाही. तालुक्यापासून चौदा किलोमीटरवर आहे, एवढं पुरे.)

पहाटेपासून घोळणा फुटला होता. कुणीतरी मान मागे टाकून बसायला सांगितलं होतं, त्यामुळे निम्मं रक्त पोटात गेलेलं. मी त्यांना पुढे वाकायला लावलं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला सांगितला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात सोडू दिला नाही. रक्त थांबलं. दाब बघितला: २०२/११४.

तात्या अठ्ठावन्न वर्षांचे, माझ्याकडे तीन वर्षांपासून. गोळ्या एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या होत्या, तरी दाब हाती लागत नव्हता. एका महिन्यात १४०, पुढच्या महिन्यात १९०. अशा वेळी आम्ही डॉक्टर लोक किडनीची धमनी अरुंद आहे का, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत काही गाठ आहे का, माणूस रात्री घोरताना श्वास अडकतो का, असं सगळं शोधत बसतो. तात्यांचं तेही करून झालं होतं. काही सापडलं नव्हतं. ईसीजीत मात्र हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा दिसायला लागल्या होत्या.

जिभेखाली गोळी फोडून दाब झटक्यात उतरवायची जुनी पद्धत होती. ती आम्ही सोडली, कारण दाब एकदम पडला तर मेंदूला रक्त कमी पडू शकतं. म्हणून त्यांना आतल्या कॉटवर पाडून ठेवलं, चुकलेली गोळी दिली आणि बाकीचे पेशंट बघितले. तासाभराने दाब १६८/९८. नाक कोरडं. चेहऱ्यावर जरा रंग.

"जुने कागद आणलेत का?" मी विचारलं.

काकूंनी पिशवी पुढे केली. कापडदुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी, त्यात सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, माझ्याच चिठ्ठ्या. मी उलटसुलट करत असताना मधूनच एक लग्नपत्रिका घरंगळली. वर गणपती, कोपऱ्यांना हळदीची बोटं, कागद पिवळा पडलेला. मे २०१२ ची. मला वाटलं चुकून आली असेल. मी ती बाजूला ठेवायला लागलो तर तात्या कॉटवर उठून बसले.

"ती ऱ्हाऊ द्या. वाचा तुम्ही."

पत्रिका त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नाची. निमंत्रकांच्या यादीत दोन ओळींमध्ये निळ्या बॉलपेनने एक रेघ मारलेली होती. इतकी दाबून, की कागदाच्या मागच्या बाजूला उठली होती. त्या जागी तात्यांचं नाव असायला हवं होतं. थोरला चुलता! यादीत सरपंच होते, भावाचा मेव्हणा होता, मेव्हण्याचा व्याहीसुद्धा होता.

"खाली बघा. किलबिल," तात्या म्हणाले. "मेव्हण्याचं दोन वर्साचं पोरगं हाय त्यात. माझं नाव कुठं हाय? पोरीला खांद्यावर घेऊन जत्रा दावली मी."

"भाऊ काय म्हणाला?"

"प्रेसवाल्याची चूक म्हनला."

पट्टा अजून त्यांच्या दंडालाच होता. मी पुन्हा हवा भरली. पाऱ्याचं जुनं यंत्र आहे माझं. बदला म्हणून सांगून मुलगा थकला, पण त्या काचेच्या नळीत पारा टिकटिकत खाली येताना दिसतो तसा आकडा डिजिटलमध्ये दिसत नाही. पहिला ठोका ऐकू आला तेव्हा पारा १९४ वर होता. खालचा ११०. दहा मिनिटांपूर्वी १६८ होता. बोलताना सगळ्यांचाच दाब थोडा चढतो, म्हणून तर आम्ही "बोलू नका" म्हणतो. पण इतका? कानशिलावरची शीर माझ्या डोळ्यांदेखत उडत होती आणि जबडा असा आवळलेला, की गालावर गोटी उठली होती.

एमबीबीएसला असताना आमचे सर जॉन हंटरची गोष्ट सांगायचे. अठराव्या शतकातला लंडनचा मोठा सर्जन, स्वतःच हृदयविकाराचा रोगी. माझा जीव मला चिडवू बघणाऱ्या कुठल्याही हलकटाच्या हातात आहे, असं तो म्हणायचा. १७९३ साली सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली आणि तिथेच तो गेला. आता तर याचं मोजमापही होतं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २८० निरोगी माणसांवर प्रयोग केला. काहींना त्यांना संताप आणणारा जुना प्रसंग आठ मिनिटं नुसता आठवायला लावला. त्यानंतर रक्तवाहिन्यांची सैल पडण्याची ताकद कमी झालेली आढळली, ती चाळीस मिनिटांपर्यंत. भांडण समोर नाही, माणूस समोर नाही, नुसती आठवण. तात्या तर बारा वर्षं तो कागद पिशवीत घेऊन फिरत होते, आणि तेही नेमके दवाखान्याच्या पिशवीत.

रोगाचं मूळ सापडलं म्हणून मी मनात खूश झालो. "क्षमा करा, निरोगी राहा" छापाचे मेसेज मला आवडत नाहीत. मनात राग धरला की अमुक रोग होतो आणि सोडला की बरा होतो, असं कोणी छातीठोक सांगितलं की मी दोन पावलं मागे सरकतो. (मीही एका वर्गमित्राचा फोन सहा वर्षं उचललेला नाही. ते इथे नको.) तरी त्या दिवशी माझ्या तोंडून तसलंच काहीतरी निघणार होतं. तेवढ्यात पिशवीच्या तळाशी गोळ्यांच्या पट्ट्या हाताला लागल्या.

पंधरा गोळ्यांची पट्टी. एप्रिलमध्ये घेतलेली, जून अर्धा सरला होता आणि सहा शिल्लक. दुसरीतल्या आठ. रोज एक घ्यायची होती.

"काकू, हे काय?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गावात एकच मेडिकल हाय, डॉक्टर. पुतण्याचं. भावजींच्या पोराचं. हे तितलं पाणीसुद्धा घेणार न्हाईत. मग तालुक्याला यायचं. एस्टी दोन टायमाला. पाऊस असला, मजूर लावल्यालं असलं, की ऱ्हातं."

तीन वर्षं मी त्यांच्या गोळ्या वाढवत होतो. त्या घेता कुठून, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग पुढचं आपोआप निघत गेलं. रात्री झोप नाही, दात आवळलेले, सकाळी मान आणि डोकं ठणकतं. डोकेदुखीची गोळी मेडिकलमध्ये घ्यायची तर पुन्हा पुतण्याच. म्हणून शेजारच्या किराणा दुकानातून सुट्ट्या गोळ्या. काकूंनी पदराच्या गाठीतून एक काढून दाखवली: डायक्लोफेनॅक. "दिवसाला दोन, कधी तीन." किती दिवस? "लय वर्सं." ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, दाब वाढवते, रक्तदाबाच्या गोळ्यांचा जोर मारते आणि किडनीला त्रास देते. त्यात माझ्या तीन गोळ्यांपैकी एक बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करून दाब उतरवणारी. तिचा असा नियम, की चालू-बंद केली तर न घेतल्यापेक्षा वाईट. अचानक थांबवली की नाडी आणि दाब दोन्ही उसळी मारतात.

मी मेंदू, हार्मोन आणि धमन्यांपर्यंत जाऊन आलो होतो, आणि तात्यांचा अबोला रक्तात शिरत होता मेडिकलच्या काउंटरवरून. संतापाने दाब चढायचा तो तासाभराने उतरत असेल. महिन्यातले कितीतरी दिवस न घेतलेली गोळी उतरत नव्हती.

"तात्या, पुतण्याचं काय चुकलं? तो तेव्हा शाळेत असेल."

"त्याचं काय न्हाई चुकलं," ते म्हणाले. "पन पायरी चढायची न्हाई म्हनजे न्हाई."

मी वाद घातला नाही. डायक्लोफेनॅक बंद. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तीही मोजून. किडनीसाठी क्रिएटिनीन तपासायला दिलं. बीटा ब्लॉकर हळूहळू कमी करत बंद करायचं ठरवलं आणि उरलेल्या औषधांची दिवसातून एकच जोडगोळी लिहिली. काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "गोळी कुठूनही आणा, पण एक दिवस खंड पडता कामा नये." पत्रिका मी परत पिशवीत घातली. फेकून द्या म्हणायचं धाडस झालं नाही.

ऑगस्टमध्ये दोघं आले. दाब १३८/८४. पुन्हा बघितला, तेवढाच. डोकं दुखत नाही म्हणाले. माझ्या मनात आलं, भाऊ भेटले वाटतं! तात्या बाहेर कंपाउंडरकडे पैसे द्यायला गेले तसं मी काकूंना विचारलं.

"कुठलं भेटत्यात," काकू म्हणाल्या. "पुतण्याकडनंच आणते मी गोळ्या. दर म्हैन्याला, मागच्या दारानं. त्याच्या दुकानाची पाकीटं चुलीत घालते आनि गोळ्या तालुक्याच्या जुन्या पाकिटात भरते. ह्यांना पाकिटावरचं नाव वाचायची सवय हाय ना."

"पैसे घेतो तो?"

"घेतो. मीच देते. उपकार नको."

तात्या आत आले. पिशवी उचलली, त्यात पत्रिकेचा पिवळा कोपरा दिसत होता.

"गुण आला बघा डॉक्टर," ते म्हणाले. "गोळ्या घ्याव्यात त्या तालुक्याच्याच. आमच्या गावातल्या त्या दुकानात खडू विकत्यात, खडू."

काकू भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. मी चिठ्ठीवर पुढच्या महिन्याची तारीख टाकली.