एडिंबराच्या किनाऱ्यावरचे गोल्फ कोर्स निवडताना

येत्या जूनमध्ये आम्ही दोघे लेकीकडे एडिंबराला जाणार आहोत. तिथल्या मुक्कामात कोणत्या गोल्फ कोर्सवर खेळायचे याची आखणी मी सध्या करतो आहे. लष्करात असताना छावणीच्या मैदानावर या खेळाचा नाद लागला आणि निवृत्त होऊन कोल्हापूरला परतल्यावरही तो सुटलेला नाही. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत या बेताची रोज चर्चा होते. एका मित्राचे म्हणणे ठाम आहे : "एवढ्या लांब जायचं आणि ओल्ड कोर्स न खेळता यायचं, तर काय उपयोग?" ओल्ड कोर्स म्हणजे सेंट अँड्र्यूजचा, ओपन या गोल्फच्या सर्वांत जुन्या मोठ्या स्पर्धेमुळे गाजलेला कोर्स. मित्राची तळमळ मला समजते, परंतु नामांकित स्पर्धांची यादी समोर ठेवून कोर्स निवडण्याची पद्धत मला पटत नाही.

आधी जमीन पाहावी, मग नाव. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या वाळूच्या उंचसखल पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. या वाळूत पीक येत नाही, म्हणून ती मेंढ्यांना चरायला आणि गावाला खेळायला मोकळी राहिली, आणि तिच्यावरच गोल्फ वाढला. पाणी वाळूत झटकन मुरत असल्यामुळे पावसानंतरही जमीन टणक राहते, आणि फेस्क्यू जातीच्या बारीक, चिवट गवतावर चेंडू पडला की तो थांबत नाही, घरंगळत जातो. तो कोणत्या उतारावर किती वळेल हे ओळखण्यातच तिथले सगळे कसब आहे. आपल्याकडे पाणी पाजून वाढवलेल्या मऊ हिरवळीवर उंच मारलेला चेंडू पडेल तिथेच बसतो. गादीवर तयार झालेला मल्ल तालमीतल्या तांबड्या मातीत उतरला, की डाव तेच असूनही पायाखालची पकड बदलल्यामुळे त्याला ते नव्याने बसवावे लागतात, तसेच हे आहे. म्हणून झाडांच्या रांगांमधले, किनाऱ्यापासून आत असलेले कोर्स, ते कितीही देखणे असले तरी, मी यादीत घेतलेले नाहीत.

या कसोटीवर माझ्या यादीत पहिले आले ते नॉर्थ बेरिक. एडिंबराच्या वेव्हर्ली स्थानकातून रेल्वेने साधारण अर्ध्या तासात हे किनाऱ्यावरचे गाव येते, त्यामुळे मोटार लागत नाही. तिथल्या वेस्ट लिंक्स या कोर्सचा पंधरावा होल 'रेडान' नावाने ओळखला जातो आणि त्याची नक्कल अमेरिकेसह जगभरातल्या रचनाकारांनी केली आहे. होल म्हणजे टीपासून, जिथून पहिला फटका मारतात, खळग्यापर्यंतचा एक टप्पा. हा तीन पारचा, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल आहे. ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, तिरपे बसलेले, पुढच्या उजव्या कोपऱ्याकडून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरत गेलेले, डाव्या अंगाला बंकर म्हणजे वाळूचे खड्डे, आणि टीवरून ग्रीनचा पृष्ठभाग जवळजवळ दिसतच नाही. झेंड्यावर नेम धरणारा इथे फसतो. चेंडू उजव्या खांद्यावर टाकायचा आणि उरलेले काम उतारावर सोपवायचे. तेराव्या होलवर तर फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, आणि ग्रीन यांच्या मध्ये जुनी, बुटकी दगडी भिंत आडवी गेली आहे. आज कोणी नवा कोर्स बांधायला घेतला, तर ती भिंत आधी पाडून टाकील. ती तशीच ठेवून खेळणे हीच मला या खेळाची खरी श्रीमंती वाटते. समोर समुद्रात बास रॉक हा गॅनेट पक्ष्यांच्या वसाहतीने पांढरा दिसणारा खडक आहे. तो पाहण्यासाठी आमच्या सौभाग्यवतीही बरोबर येणार आहेत.

त्याच बाजूला म्युअरफील्ड आहे. १७४४ मध्ये लीथ या एडिंबराच्या बंदरात गोल्फचे पहिले तेरा लेखी नियम ज्यांनी केले, त्याच मंडळाचा हा कोर्स. पहिले नऊ होल बाहेरून एका दिशेने फिरतात आणि पुढचे नऊ आतून उलट दिशेने, त्यामुळे वारा सतत बदलत्या अंगाने झोंबतो. रचना म्हणून ही फार विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. महिलांना सभासद करून घेण्याचा ठराव २०१६ मध्ये तिथे फेटाळला गेला, २०१७ मध्ये मंजूर झाला, आणि २०२२ मध्ये तिथे महिलांची ओपन स्पर्धाही झाली. तरीही मी तो कोर्स वगळला आहे, कारण पाहुण्यांना ठरावीक वारीच प्रवेश मिळतो आणि तिथल्या एका फेरीच्या शुल्कात आसपासच्या साध्या कोर्सवर दोन-तीन फेऱ्या सहज होतात. शेजारच्या गलन गावात तीन कोर्स आहेत आणि त्यांपैकी क्रमांक दोनचा मला परवडतो. तिथे मुलांसाठी वेगळा मोफत कोर्स आहे हे कळल्यापासून नातवाने माझ्यामागे धोशा लावला आहे.

सेंट अँड्र्यूज मात्र एडिंबरापासून लांब, फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या पलीकडे आहे. रेल्वेने ल्यूकर्सला उतरून पुढे बस धरावी लागते. ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. तो कोणा क्लबच्या खासगी मालकीचा नसून तिथल्या सातही कोर्सची व्यवस्था एक ट्रस्ट पाहतो. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी सोडतीसाठी नाव द्यायचे. त्याला किमान दोघे लागतात आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो. जावईबापू अलीकडे खेळू लागले आहेत, त्यांनाही दाखला काढून ठेवायला सांगितले आहे. १७६४ मध्ये इथले बावीस होल अठरा केले गेले आणि पुढे जगाने तीच संख्या उचलली. सात ग्रीन प्रत्येकी दोन होलसाठी मिळून वापरले जातात आणि जोडीतल्या होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठराच येते : दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा.

रविवारी हा कोर्स एरवी खेळासाठी बंद असतो आणि गावातले लोक तिथे कुत्री घेऊन फिरायला येतात. मी नेमका रविवारच निवडला आहे. सतराव्या होलचे अरुंद, तिरपे ग्रीन, त्याच्या पोटात शिरलेला खोल बंकर, मागचा रस्ता आणि त्याला लागून असलेली भिंत हे सगळे त्या दिवशी निवांत, पायी जाऊन जवळून पाहता येते, आणि गोल्फ न खेळणाऱ्या माणसालाही कोर्सवरच्या जुन्या, दगडी स्विल्कन पुलावर उभे राहता येते. सोडतीत नाव निघण्याआधी जमीन पायांनी मोजलेली असणे खेळाडूलाही उपयोगाचेच.

एडिंबराला लागून असलेल्या मसलबरा गावचा जुना कोर्स मात्र कोणी सुचवला नव्हता, तो मला वाचनात सापडला. घोडदौडीच्या मैदानाच्या आत नऊ होलचा हा सार्वजनिक कोर्स आहे. इथे १६७२ मध्ये गोल्फ खेळल्याची नोंद आहे आणि १८७४ ते १८८९ या काळात ओपन स्पर्धा सहा वेळा इथे झाली. होलचा खळगा कापण्याचे १८२९ मधले अवजार इथलेच. त्याचा सव्वाचार इंच व्यास १८९३ पासून सर्वत्र सक्तीचा झाला, म्हणजे आपण कुठेही चेंडू टाकतो तो याच मापाच्या खळग्यात. जुन्या धाटणीचे, हिकरीच्या लाकडी दांड्यांचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, तिथे भाड्याने मिळतात. शुल्क किरकोळ आहे. फक्त शर्यतींच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात.

खुद्द शहरात ब्रेड हिल्सचा १८८९ पासूनचा नगरपालिकेचा कोर्स आहे. तो टेकडीवर असल्यामुळे लिंक्स म्हणता येणार नाही, म्हणून तो मुख्य यादीबाहेरचाच. पण तिथून किल्ला आणि खाडी दोन्ही दिसतात आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवणाआधीच्या फेरीसाठी तो राखून ठेवला आहे.

क्रम असा ठरला आहे : सुरुवातीला मसलबरा, म्हणजे जावईबापूंचा आणि माझाही हात बसेल; नंतर नॉर्थ बेरिक आणि गलन; सेंट अँड्र्यूज शेवटी, रविवारपासून सलग काही दिवस, म्हणजे सोडतीत रोज नाव देता येईल. नाव नाहीच निघाले, तर ओल्ड कोर्सला लागूनच, त्याच वाळूवर १८९५ पासून असलेल्या न्यू कोर्सवरची वेळ आधीच घेऊन ठेवली आहे.