साखर पेठेतला बुजवलेला माग

मे महिना लागला की धोकादायक घरांची कामं अंगावर येऊन पडतात. पाऊस तोंडावर, नोटिसा निघालेल्या, घरातली माणसं धास्तावलेली. सोलापुरातल्या साखर पेठेतल्या त्या घराचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, माझ्याकडे आलं तेही असंच. मधल्या खोलीची फरशी चार बोटं खाली गेलेली, मागची भिंत फुगलेली. पाहता क्षणी वाटलं, पायाच खचलाय. तसं असेल तर घर धोकादायक घरांच्या सी-१ वर्गात, म्हणजे रिकामं करून पाडायचं.

मिळकत पत्रिकेवर सगळी नावं मालकांची. तीन पिढ्या तिथं भाड्यानं राहिलेल्या कुटुंबाचं एकही नाही.

मी टेप लावत होतो. ऐंशीच्या पुढच्या अव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पान, तंबाखू, दोरा. नजर माझ्याकडे, बोटं आपली चालूच. म्हणाल्या, "बाळा, ते खचलं नाही की. मामांचा माग होता तिथं."

मामा म्हणजे त्यांचे सासरे. पूर्व भागातल्या कितीतरी पद्मशाली घरांसारखं हेही तेलंगणातून पोटासाठी आलेलं.

दोन शहाबादी फरश्या उचलायला लावल्या. खाली राख, विटांचे तुकडे, सुताच्या कुजलेल्या गुंडाळ्या. हाताला लागेल तेवढं काढल्यावर एक दगडी काठ उघडा पडला, मधोमध घासून गुळगुळीत झालेला. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीलगत बसतो आणि पाय खाली सोडतो. पायाखालच्या पट्ट्या आलटून पालटून दाबायच्या, ताण्याचे धागे वर-खाली होतात, त्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा पलीकडे जातो. या काठावर एक माणूस आयुष्यभर बसला होता. मी बराच वेळ त्या दगडावर हात ठेवून होतो.

पुढे यंत्रमाग आले. खड्डा बुजवला आणि मागच्या खोलीत दोन माग बसवले. त्यांचे कापलेले बोल्ट अजून जमिनीत आहेत. ते मागही विकले गेले, आणि घर अव्वांच्या विड्यांवर चाललं.

मग फरशी आत्ताच का बसली? उत्तर समोरच उभं होतं. सोलापुरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं. म्हणून दोनशे लिटरची तीन पिंपं, नेमकी त्या भरावावर. भरली की सहाशे किलोंच्या वर भार, शिवाय सांडलेलं पाणी खाली मुरतंय. बाहेरून दोन ठिकाणी खणून पाहिलं, पाया जागेवर होता.

मागची भिंत मात्र खरोखरच वाईट होती. पांढऱ्या मातीची भिंत, त्यात वर्षानुवर्षं यंत्रमागांचे हादरे. तिथं मी पाघळलो नाही. अहवालात सी-२ए लिहिलं: घर तात्पुरतं रिकामं करावं, मागची खोली उतरवावी, बाकीचं दुरुस्त करावं. अव्वांना सांगितलं, तर पहिला प्रश्न, "परत यायला मिळतंय न्हवं?" म्हणून भाडेकरूंच्या ताब्यातल्या प्रत्येक खोलीचं माप मी अहवालाला जोडलं. पाडापाडीनंतर हक्क सांगायला असा कागद कामी येऊ शकतो.

निघताना त्या म्हणाल्या, "नकाशात माग दाखव की."

आमच्या नकाशात अशा गोष्टीला खूण नसते. मधल्या खोलीत तुटक रेषांचा चौकोन काढला आणि आत लिहिलं: हातमागाचा खड्डा, बुजवलेला.