नवती बागेची पिलबाग होते तेव्हा: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकण्याचा माझा अनुभव

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावी केळीची खरेदी करणाऱ्या शेठजींकडे मी सोळा वर्षांपासून दिवाणजी आहे. शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे कीर्द आणि खतावणी यांच्याशी जुनी ओळख. संगणकाशी मात्र संबंध आला तो बराच उशिरा, आणि तोही शेठजींच्या मुलाने हिशेब कागदावरून संगणकावर आणण्याचा आग्रह धरला म्हणून. पायथॉन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकायला सोपी असल्याचे ऐकून मी तिच्यापासून सुरुवात केली आणि चार महिन्यांत चालण्याजोगा एक प्रोग्राम लिहिलाही. त्यात चार लिस्ट, म्हणजे याद्या, होत्या: एकीत शेतकऱ्यांची नावे, दुसरीत गट क्रमांक, तिसरीत मालाचे वजन आणि चौथीत देणे बाकी. पाचव्या क्रमांकाचे नाव म्हणजे पाचव्या क्रमांकाची बाकी, असा सगळा भरवसा क्रमांकांवर होता.

एका शेतकऱ्याने आमच्याकडे माल देणे बंद केले, म्हणून मी त्याचे नाव पहिल्या लिस्टमधून काढून टाकले. उरलेल्या तीन लिस्टमधून त्याच्या नोंदी काढायच्या राहून गेल्या. त्या क्षणापासून त्याच्याखालच्या प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या वरच्या माणसाचा हिशेब आला, आणि प्रोग्रामने कोणतीही तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नव्हते. कागदाची वही चालू ठेवलेली होती म्हणूनच ही गोष्ट पैसे देण्याआधी लक्षात आली. शेठजी फारसे बोलले नाहीत. त्यांनी फक्त वही पुढे सरकवली.

यावर उपाय म्हणून ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत, म्हणजे माहिती आणि तिच्यावर करायची कामे एकत्र बांधून प्रोग्राम लिहिण्याची पद्धत, शिकावी, असे मला सुचवण्यात आले. त्यासाठी मी जळगावच्या एका खासगी शिकवणीला दर रविवारी एसटीने जाऊ लागलो. तिथे पहिल्याच दिवशी फळ्यावर चार शब्द लिहिले गेले: एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम. नंतर प्राणी नावाचा क्लास आला, त्याच्यापासून कुत्रा आणि मांजर हे क्लास निघाले. कुत्रा भुंकला, मांजर म्यावले. दोन महिन्यांनी घेतलेल्या चाचणीत मला चांगले गुण मिळाले, कारण चारही व्याख्या मला तोंडपाठ होत्या. घरी येऊन मात्र शेतकऱ्याचा क्लास लिहायला बसलो, तेव्हा पहिली ओळसुद्धा सुचेना. कुत्र्या-मांजरांच्या उदाहरणाबद्दल माझा राग आजही पूर्ण गेलेला नाही. त्यात कोणाचे काही देणे-घेणे नसते, त्यामुळे चुकले तरी काय चुकले ते कळत नाही.

दिवाळीला माझा भाचा आला होता. तो धुळ्याला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने माझा प्रोग्राम पाहिला, मग माझी खतावणी मागून घेतली आणि म्हणाला, "मामा, जे तुम्ही सोळा वर्षे वहीत करता, तेच प्रोग्राममध्ये करायचे सोडून तुम्ही भलतेच काहीतरी केले आहे." त्याचे म्हणणे असे होते की खतावणीत मी सगळ्यांची नावे एका पानावर आणि सगळ्यांच्या बाक्या दुसऱ्या पानावर कधीच लिहीत नाही. प्रत्येक खातेदाराला त्याचे पान असते आणि त्या पानावर त्याचे नाव, गाव, नावे आणि जमा या बाजू एकत्र असतात. एखादे पान फाडले तरी शेजारच्या पानावरचा आकडा हलत नाही. असे एकेक पान म्हणजे ऑब्जेक्ट, आणि पान कसे आखायचे व त्यावर कोणत्या रीतीने नोंद करायची, हे एकदाच ठरवून लिहिलेले असते तो क्लास. इतके साधे कोणी आधी सांगितले असते, तर एसटीचे बरेच भाडे वाचले असते.

पुस्तकांतून क्लासला साचा म्हणण्याची पद्धत आहे. माझ्या मते ती तुलना नवशिक्याला थोडी फसवते. गणपतीची मूर्ती साच्यातून बाहेर आली की तिचा आणि साच्याचा संबंध संपतो. साचा फोडला तरी मूर्तीला काही होत नाही. क्लास आणि ऑब्जेक्ट यांचे नाते मात्र तुटत नाही. ऑब्जेक्टजवळ त्याची स्वतःची माहिती असते, पण काम करण्याची रीत, म्हणजे मेथड, क्लासजवळच राहते, आणि ऑब्जेक्टला एखादे काम सांगितले की पायथॉन ती रीत आधी त्याच्या क्लासमध्ये आणि तिथे न सापडल्यास तो क्लास ज्याच्यापासून निघाला त्या पालक क्लासमध्ये शोधतो. कोणती गोष्ट कोणाजवळ राहते हा प्रश्न मला पुढे प्रत्येक वळणावर भेटला, आणि माझ्या जवळजवळ सगळ्या चुका त्याच एका प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरातून निघाल्या.

त्यातली पहिली चूक सेल्फ या शब्दाची होती. मेथड लिहिताना तो शब्द मी विसरत असे, आणि पायथॉन मला एक मूल्य अपेक्षित असताना दोन दिल्याचे सांगत असे. मी तर एकच वजन देत होतो. दुसरे मूल्य आले कुठून, हे मला दोन संध्याकाळी कळले नाही. उत्तर असे की ऑब्जेक्टच्या नावापुढे टिंब देऊन मेथड बोलावली की तो ऑब्जेक्ट आपणहून पहिले मूल्य म्हणून आत जातो, कारण रीत सगळ्यांना सामाईक असल्यामुळे ती या वेळी कोणाच्या पानावर चालवायची हे तिला सांगावेच लागते. सेल्फ हा पायथॉनचा राखीव शब्द नाही, ती केवळ रूढी आहे. शिवाय पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी अक्षरांतली नावेही चालतात. हे समजल्यावर मी सगळीकडे सेल्फऐवजी 'स्वतः' असे लिहिले, आणि कुलूप उघडावे तसा अर्थ उघडला: स्वतःची बाकी, स्वतःचे गाव, स्वतःचे वजन. भाच्याने नंतर ते सगळे बदलून घेतले, कारण दुसऱ्या कोणाला तो प्रोग्राम वाचायचा झाल्यास रूढ शब्दच बरा. त्याचे म्हणणे योग्य होते, पण शिकताना 'स्वतः' लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडली असती. क्लासच्या अगदी वरच्या भागात, कोणत्याही मेथडच्या बाहेर, मी दोन ओळी लिहिल्या होत्या: एकूण वजन शून्य, आणि कापण्यांची एक रिकामी लिस्ट. प्रत्येक शेतकऱ्याला आपापले शून्य आणि आपापली रिकामी लिस्ट मिळेल, अशी माझी समजूत होती. चाचणीसाठी तीन शेतकऱ्यांच्या नोंदी घालून पावत्या छापल्या आणि त्यांतली एक नेहमी माल देणाऱ्या एका आबांना पाहायला दिली. आबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि विचारले, "भाऊ, हाई काय शे? इतला माल मना नही." खाली एकूण वजन अगदी बरोबर होते, मात्र वरच्या तपशिलात तिन्ही शेतकऱ्यांच्या कापण्या एकाखाली एक आल्या होत्या. बेरीज खरी आणि तपशील खोटा, असा हिशेब मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

याचे कारण समजून घ्यायला मला आठवडा लागला, आणि माझ्या मते नवशिक्याने हा आठवडा अवश्य खर्च करावा. मेथडच्या बाहेर लिहिलेली गोष्ट ही क्लासची असते. ती एकच असते आणि सगळे ऑब्जेक्ट तिच्याकडेच पाहतात. वजनाच्या बाबतीत मी 'स्वतःचे वजन म्हणजे आधीचे वजन अधिक नवे वजन' असे लिहीत होतो, त्यामुळे पहिल्याच बेरजेला त्या शेतकऱ्याच्या पानावर स्वतंत्र आकडा तयार होत होता आणि क्लासचे शून्य जागच्या जागी राहत होते. लिस्टच्या बाबतीत मात्र नवे काही तयार होत नव्हते. असलेल्या एकमेव लिस्टमध्ये मी एकेक नोंद वाढवत होतो, आणि ती लिस्ट तर गावाच्या चावडीवरच्या फळ्यासारखी सगळ्यांची होती. उपाय एका ओळीचा निघाला: रिकामी लिस्ट क्लासच्या अंगात न लिहिता, ऑब्जेक्ट जन्माला येताना चालणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये लिहायची, म्हणजे प्रत्येकाला त्याची त्याची लिस्ट मिळते.

एन्कॅप्सुलेशन, म्हणजे माहिती आणि ती बदलण्याची रीत एकाच ठिकाणी बंदिस्त ठेवणे, या शब्दाचा अर्थ मला उचलीमुळे समजला. शेतकरी खतासाठी किंवा घरच्या कार्यासाठी उचल घेतो आणि ती त्याच्या देणे बाकीतून वजा होते. माझ्या प्रोग्राममध्ये ही वजाबाकी तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली होती आणि त्यांतल्या एका ठिकाणी वजाऐवजी अधिकचे चिन्ह पडले होते. तीनही जागा पुसून शेतकऱ्याच्या क्लासमध्ये उचल नोंदवण्याची एकच मेथड लिहिली, बाकीच्या नावाआधी एक अधोरेषा दिली, आणि बाकीला बाहेरून थेट हात लावायचा नाही असे ठरवले. पायथॉन येथे कुलूप घालत नाही. ती अधोरेषा म्हणजे उंबऱ्यावर काढलेली रांगोळी आहे, ओलांडायची असेल तर कोणीही ओलांडू शकतो. जावासारख्या भाषेत मात्र प्रायव्हेट म्हटलेल्या गोष्टीला दुसऱ्या क्लासमधून हात लावला तर प्रोग्राम तयारच होत नाही. दिवाणजी म्हणून मला जावाची शिस्त अधिक पटते, पण आता पायथॉनमध्ये बराच मजकूर लिहून झाला आहे.

खरी परीक्षा झाली ती इनहेरिटन्सची, म्हणजे एका पालक क्लासपासून दुसरे क्लास काढण्याची. केळीच्या व्यवहारात नवती आणि पिलबाग यांचे भाव वेगवेगळे असतात. नवी लागवड केलेल्या बागेचा पहिला माल तो नवती. तो घड कापल्यावर त्याच झाडाच्या बुडाशी राखलेले पिल वाढवून घेतलेले पुढचे पीक म्हणजे पिलबाग. शिकवणीतले प्राणी, कुत्रा आणि मांजर डोक्यात असल्यामुळे मी मोठ्या आनंदाने बाग असा पालक क्लास लिहिला आणि त्याच्यापासून नवती व पिलबाग असे दोन क्लास काढले. प्रत्येकाला भाव काढण्याची आपली मेथड दिली. कागदावर हे इतके नीटनेटके दिसत होते की मी ते भाच्याला लगेच पाठवले. त्याने उत्तरादाखल एकच प्रश्न विचारला: "मामा, नवतीचा माल संपल्यावर त्या बागेचे काय होते?"

काय होते, हे खानदेशातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे: तिची पिलबाग होते. जमीन तीच, गट क्रमांक तोच, ठिबकच्या नळ्या त्याच, शेतकरी तोच. माझ्या प्रोग्राममध्ये मात्र नवती म्हणून जन्मलेला ऑब्जेक्ट नवतीच राहणार होता. मग मी पिलबागेचा नवा ऑब्जेक्ट करून जुन्याची सगळी माहिती त्यात उतरवू लागलो, आणि त्यामुळे एकाच शेताची दोन पाने झाली. एका पानावर उचल आणि दुसऱ्या पानावर माल. पायथॉनमध्ये ऑब्जेक्टचा क्लास मागाहून बदलण्याची सोयही आहे, असे भाच्याने करून दाखवले आणि लगेच ती वापरू नका असे बजावले. मांजराचा कुत्रा कधी होत नाही, म्हणून त्या उदाहरणात ही अडचण कधीच पुढे येत नाही.

शेवटी रचना बदलली. बाग हा एकच क्लास ठेवला आणि त्याच्याजवळ पिकांची लिस्ट दिली. प्रत्येक पीक हा स्वतंत्र ऑब्जेक्ट, त्याच्याजवळ त्याचा प्रकार, कापणीच्या तारखा आणि वजने. नवतीचे पीक संपले की त्याच बागेत पिलबागेचे पीक जोडायचे. शेतकऱ्याजवळ बागा, बागेजवळ पिके, पिकाजवळ कापण्या, अशी ही उतरंड झाली, आणि तिच्यात इनहेरिटन्स कुठेच आले नाही. 'हा त्याचा प्रकार आहे' आणि 'हे त्याच्याजवळ आहे' या दोन वाक्यांपैकी कोणते खरे, हे आधी मराठीत बोलून पाहायची सवय मला तेव्हापासून लागली.

हे सगळे चालू असताना या पद्धतीचा उगम वाचनात आला. नॉर्वेतल्या ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ही भाषा तयार केली आणि 1967 च्या तिच्या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स या कल्पना आल्या. त्यांचा मूळ उद्देश रांगा, वाहतूक आणि कारखान्यांतील कामे यांसारख्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करून पाहण्याचा होता. भर हंगामात आमच्या वजनकाट्यापुढे लागणारी ट्रकांची रांग मला त्या वेळी आठवली. हा विषय आपल्यासारख्यांच्या कामातूनच निघाला आहे, असे वाटून भीती बरीच कमी झाली. ऑब्जेक्ट ओरिएंटेड हे नाव पुढे ॲलन के या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी रूढ केले, आणि त्यांचा भर ऑब्जेक्टनी एकमेकांना निरोप पाठवण्यावर होता.

पॉलिमॉर्फिझमला मी सर्वांत जास्त घाबरत होतो आणि ते सर्वांत कमी वेळात आले. काही माल आम्ही जागेवर भाव ठरवून घेतो, काही आडतीवर. दोन्ही व्यवहारांचे क्लास वेगळे, पण दोघांतही 'देणे' या एकाच नावाची मेथड आहे. महिनाअखेर प्रोग्राम प्रत्येक व्यवहाराला त्याचे देणे विचारतो आणि कोणी कोणत्या रीतीने उत्तर काढले याची चौकशी करत नाही. नाव एक आणि रीती वेगवेगळ्या, हेच पॉलिमॉर्फिझम.

गेल्या आषाढात त्या आबांच्या नवतीचा शेवटचा माल कापला गेला. मी त्यांच्या बागेत पिलबागेचे पीक जोडले, पावती छापली आणि त्यांच्या हाती दिली. त्यांनी चष्मा लावला, तपशिलातल्या ओळी बोटाने मोजल्या, खालची बेरीज पाहिली, कागदाची घडी करून टोपीत ठेवली, आणि पुढच्या लागवडीसाठी उचल मिळेल का ते विचारले.